वर्षाच्या आतला डावखुरा

उष्टावणाचा दिवस आहे. मामाच्या मांडीवर बसलेल्या सहा-सात महिन्यांच्या बाळापुढे, पहिला घास भरवून झाल्यावर, घरच्या रिवाजाप्रमाणे एक पुस्तक, एक लेखणी, आजीची सोन्याची बांगडी आणि मूठभर तांदूळ अशा जिनसा मांडल्या आहेत, आणि हा पुढे विद्वान निघणार की सावकार, याचा निकाल ऐकण्यासाठी सारी मंडळी पाटाभोवती वाकली आहे. बाळ बांगडीकडे झेपावते. बांगडी त्याच्या उजव्या अंगाला आहे, तरी ती घ्यायला पुढे येतो तो डावा हात. छातीवरून आडवा जाऊन, सारे अंग पिळवटून, तो बांगडी गाठतो. उजवा हात कुशीशी तसाच पडून राहतो, त्याची मूठ वळलेली आणि अंगठा मुठीच्या आत दडपलेला. “सावकार निघाला हो, आणि तोही डावखुरा!” असे कोणीतरी म्हणते आणि घर हसते.

त्या हसण्यात कोणाचा दोष नाही. परंतु बालकांच्या मज्जाविकारांचा व्यासंग केलेला एखादा डॉक्टर त्या पंगतीला असता, तर तो हसण्याऐवजी बाळाची उजवी मूठ हळूच उघडून पाहू लागला असता. निरोगी बालकाला पहिल्या वर्षात दोन्ही हात सारखेच लाडके असतात; उजवेपणा किंवा डावेपणा ठरू लागतो तो पहिला वाढदिवस उलटल्यावर, बहुधा दीड वर्षाच्या आगेमागे. त्याआधीच जे मूल एकाच हाताने सारा कारभार करू लागते, त्याचा दुसरा हात काही कारणाने कामावरून उतरलेला असण्याचा संभव असतो, आणि त्या कारणांपैकी एक असे आहे की ते ऐकून कोणत्याही आईबापांनी प्रथम मान हलवून नकारच द्यावा: या बाळाला जन्माच्या सुमारास, कदाचित आईच्या उदरात असतानाच, पक्षाघात होऊन गेला आहे. अशा आघातांत मेंदूची डावी बाजू अधिक वेळा सापडते, ती डावी बाजू शरीराच्या उजव्या अंगावर अंमल चालवते, आणि म्हणून घराला दिसतो तो ‘डावखुरा’ मुलगा.

पक्षाघात हा शब्द आपण म्हातारपणाशी कायमचा जखडून टाकला आहे. ‘अंगावरून वारे गेले’ असे कोणी म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती रक्तदाबाने वा मधुमेहाने जर्जर होऊन खाटेला खिळलेली वृद्ध व्यक्ती. पाळण्यातले मूल त्या चित्रात कुठेच बसत नाही. तथापि निरनिराळ्या देशांतील नोंदी असे दर्शवितात की सुमारे २,३०० ते ५,००० जन्मांमागे एका बाळाला जन्माच्या आगेमागे पक्षाघात होतो, आणि त्या काळाइतका याचा धोका बालपणाच्या दुसऱ्या कोणत्याही टप्प्यावर नसतो. पुढच्या वयात रक्ताच्या गुठळीने होणारा पक्षाघात दरसाल दर लाख मुलांमागे साधारण एक-दोघांना गाठतो. नवजातांपैकी काही बाळे पहिल्या दोन-तीन दिवसांतच एका बाजूच्या हातापायाला आकडी येऊन आपली व्यथा कळवतात. बाकीची काहीच कळवत नाहीत, दूध पितात, हसतात, बाळसे धरतात, आणि कित्येक महिन्यांनी एखाद्या बांगडीपुढे त्यांची कैफियत प्रथम उघड होते.

हे घडते कसे, हे समजण्यासाठी रक्ताच्या दरबारातील दोन खाती ओळखून घेतली पाहिजेत. रक्ताला दोन परस्परविरुद्ध कामगिऱ्या एकाच वेळी पार पाडाव्या लागतात: नळीतून वाहताना त्याने जन्मभर पातळ राहिले पाहिजे, आणि नळी फुटली की क्षणात साकळले पाहिजे. विळीवर भाजी चिरताना बोट कापते, आपण ते दाबून धरतो, आणि चार-पाच मिनिटांत रक्त थांबते. या नित्याच्या प्रसंगात रक्तातील डझनभर प्रथिनांनी एकमेकांना क्रमाने जागे केलेले असते, शेवटी थ्रॉम्बिन नावाचा अधिकारी कामावर आलेला असतो, आणि त्याच्या हुकमाने रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे तंतू होऊन जखमेवर जाळे विणले गेलेले असते. यात आश्चर्य वाटण्याजोगी गोष्ट रक्त साकळते ही नव्हे. बोटाशी सुरू झालेले साकळणे मनगटाशी, दंडाशी, हृदयाशी जात नाही, ते बोटापाशीच थांबते, ही खरी नवलाची गोष्ट आहे; कारण थ्रॉम्बिनचे फर्मान एकदा सुटले की ते आवरणारे दुसरे खाते नसेल तर सारे रक्त दगड व्हायला वेळ लागणार नाही. या दुसऱ्या खात्यात तीन मुख्य अंमलदार आहेत. अँटिथ्रॉम्बिन हा थ्रॉम्बिनलाच पकडून निकामी करतो. प्रोटीन सी हा साकळण्याच्या साखळीतील पाचव्या व आठव्या घटकांना कापून काढतो. आणि प्रोटीन एस हा त्या कामी प्रोटीन सीचा मदतनीस असतो. आनुवंशिक दोष शिरतो तो बहुधा या आवरणाऱ्या खात्यात. रक्तस्रावाचे आनुवंशिक विकार, म्हणजे हिमोफिलियासारखे, लोकांना ऐकून ठाऊक असतात, कारण वाहणारे रक्त दिसते. रक्त वाजवीहून अधिक तत्परतेने साकळण्याचा विकार डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणून तो वैद्यकाच्या दप्तरात पुष्कळ उशिरा दाखल झाला.

बर्लिनचे विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी नळीत रक्त का साकळते याची जी मीमांसा १८५६ साली मांडली, तिच्या आधारे पुढच्या वैद्यकाने तीन कारणे एकत्र सांगण्याचा शिरस्ता पाडला: प्रवाह मंदावणे, नळीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची घडणच बिघडणे. यातले तिसरे कारण घराण्यातून उतरू शकते, याचा पक्का पुरावा मिळायला मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १९६५ साली नॉर्वेतील ओलाव एगेबर्ग यांनी अशा एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली, ज्यात पिढ्यान् पिढ्या नीलांत गुठळ्या होत होत्या आणि ज्यातील माणसांच्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन निम्मेच होते. प्रोटीन सीला ते नाव १९७६ साली स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो यांनी दिले, आणि त्याचे कारण एवढेच की प्रयोगशाळेत प्रथिने वेगळी करताना ते तिसऱ्या भागात सापडले. प्रोटीन एसमधले ‘एस’ हे ज्या सिॲटल शहरात त्याचा शोध लागला त्याचे आद्याक्षर होय. १९८०च्या दशकात या दोन्ही प्रथिनांची घराण्यात चालणारी न्यूनता नोंदली गेली.

तरीही गुठळ्यांची पुष्कळशी घराणी निदानावाचून राहत होती. त्यांचे कोडे सुटले ते १९९३ साली, जेव्हा स्वीडनमधील माल्मो येथे ब्यॉर्न डालबेक यांच्या ध्यानी आले की काही रुग्णांच्या रक्तात प्रोटीन सी असते, कामालाही लागते, पण रक्त त्याचे ऐकतच नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडन शहरात रोजिए बर्टिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मूळ दाखवून दिले: पाचव्या घटकाच्या जनुकात एकच अक्षर बदललेले होते, आणि त्यामुळे प्रोटीन सी जिथे सुरी चालवते नेमकी तीच जागा कठीण झाली होती. या दोषाला ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ असे नाव पडले. गंमत अशी की हाच पाचवा घटक, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील ऑस्लोत, पॉल ओवरेन यांना सापडला होता तो रक्त साकळत नसलेल्या एका रुग्ण स्त्रीमुळे. ज्याच्या अभावी रक्त वाहत राहते, त्याच्याच हट्टीपणामुळे ते साकळत राहते. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरांत सुमारे पाच जण हा दोष बाळगून असतात. इतका दोष टिकला कसा, याविषयी एक तर्क असा केला जातो की बाळंतपणात रक्त कमी जात असल्याने त्या स्त्रियांना तो उपकारकच ठरला असावा.

हे दोष आईकडून जसे येतात तसेच बापाकडून येतात, आणि दोघांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याचा संभव निम्मा असतो. एकेरी दोष असलेली बहुसंख्य माणसे आयुष्यभर निर्वेध राहतात. दोन्हीकडून दोष आला तर मात्र गोष्ट निराळी: ज्या बाळाला प्रोटीन सीचे दोन्ही जनुक बिघडलेले मिळतात, त्याच्या कातडीवर जन्मानंतर काही तासांत वा दिवसांत काळेजांभळे डाग पसरू लागतात, आणि मेंदूतल्या व डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या कधी कधी गर्भातच बंद झालेल्या असतात. हा विकार लाखांत एखाद्यालाही होत नाही इतका विरळा आहे. पण महाराष्ट्राच्या ज्या भागांत मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल अजून आहे, तिथे दोन सारखेच दोष एका पाळण्यात भेटण्याचा संभव वाढतो, हे सोयरीक जुळवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता एक शंका चाणाक्ष वाचकाच्या मनात आलीच असेल. या दोषांमुळे गुठळ्या होतात त्या बहुशः नीलांत, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या वाहिन्यांत; आणि तिथून सुटलेली गुठळी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसांत जाऊन अडकावी, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत ती पोहोचावीच कशी? याचे उत्तर गर्भाच्या हृदयात आहे. गर्भ श्वास घेत नाही, सबब त्याच्या फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेण्यासाठी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात एक झरोका उघडा ठेवलेला असतो. वारेत साकळलेली गुठळी नाळेतून येऊन या झरोक्यावाटे डाव्या बाजूस जाते आणि थेट मेंदू गाठते. जन्मानंतर हा झरोका बहुतेकांचा मिटतो, परंतु सुमारे पाव लोकांत तो मोठेपणीही किंचित किलकिला राहतो. दुसरी वाट अशी की मेंदूतले रक्त परत नेणाऱ्या मोठ्या नीलांतच गुठळी होते, पाणी तुंबावे तसे रक्त तुंबते, आणि मेंदू सुजतो. जुलाब-वांतीने सुकलेले मूल, दीर्घकाळ वाहणारा कान, न हटणारी डोकेदुखी यांच्यामागे हे दुसरे दुखणे लपलेले असू शकते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, झाले तर, गुन्हेगार सापडला. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. आनुवंशिक दोष हा बालकाच्या पक्षाघाताच्या कटात सामील असतो, पण एकटा तो कट सहसा रचत नाही. २०१० साली अनेक पाहण्यांचा एकत्र ताळा घेण्यात आला तेव्हा फॅक्टर फाइव्ह लायडनने मुलांतील पक्षाघाताचा संभव तिपटी-चौपटीच्या दरम्यान आणि प्रोटीन सीच्या न्यूनतेने सुमारे अकरापट वाढतो असे दिसले. ऐकायला हे आकडे भयंकर आहेत, परंतु लाखांत एकाची चौपट म्हणजे लाखांत चारच. उलट २०१७ साली कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या संशोधकांनी जन्मकाळी पक्षाघात झालेल्या मुलांची निरोगी मुलांशी तुलना केली, तेव्हा रक्ताच्या या दोषांत दोन्ही गटांमध्ये मोठा फरक त्यांना आढळला नाही. थोड्या मोठ्या मुलांत तर हृदयाचे जन्मजात व्यंग, कांजिण्यांनंतर काही महिन्यांनी मेंदूच्या रोहिणीला येणारा आकुंचितपणा, मानेला बसलेला मार, क्षयाचा मेंदूज्वर, आणि आपल्याकडे सर्रास असलेला लोहाचा अभाव हे साथीदार अधिक वेळा हजर असतात.

हे इतके विस्ताराने सांगण्याचे कारण प्रयोगशाळेत नसून माजघरात आहे. ‘आनुवंशिक’ हा शब्द अहवालावर उमटला की तो आपल्या घरांत वैद्यकीय शब्द राहत नाही, तो फिर्याद होतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा सून उभी केली जाते. तिच्या माहेरी कोणाला काय झाले होते, तिने गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात ती बाहेर पडली होती काय, याची चौकशी सुरू होते. वस्तुतः दोष बापाच्या रक्तातून आलेला असण्याचा संभव तितकाच असतो. जन्मकाळच्या बहुतेक आघातांत तर कोणाच्याही वागण्याने ते घडवले किंवा टाळले असते असे दाखवता येत नाही. घराण्याची माहिती अवश्य गोळा करावी, नीलेत गुठळी होऊन पाय सुजणे, ऐन तारुण्यात पक्षाघात, वारंवार गर्भपात अशा घटना दोन्ही कुळांत तपासून डॉक्टरांना सांगाव्यात. परंतु ती साक्ष आहे, आरोपपत्र नव्हे.

आपल्या प्रांतापुरते आणखी दोन मुद्दे सांगितले पाहिजेत. फॅक्टर फाइव्ह लायडन भारतात युरोपच्या मानाने पुष्कळच कमी आढळतो, आणि प्रोथ्रॉम्बिनचा जो एक दोष तिकडे नेहमी तपासला जातो तो इथे जवळजवळ नाहीच. म्हणून युरोपच्या यादीबरहुकूम महागड्या जनुकीय तपासण्यांची फर्दच्या फर्द आपल्या मुलांच्या नावे लिहिण्याने खिसा रिकामा होतो, ज्ञान फारसे वाढत नाही. याउलट जे इथे विपुल आहे त्याकडे दुर्लक्ष होते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शहरी व ग्रामीण पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांशांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ते कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन साचते, आणि होमोसिस्टीन वाढलेले रक्त गुठळीला अनुकूल असते. दुसरा मुद्दा सिकलसेलचा. विदर्भातील अनेक समाजांत आणि सातपुड्याच्या आदिवासींत आढळणारा हा विकार रक्त साकळण्याच्या प्रथिनांचा नसून तांबड्या पेशींचा आहे, पण आनुवंशिक आहे आणि मुलांच्या मेंदूवर घाला घालणारा आहे. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने असे सिद्ध केले की मेंदूच्या रोहिणीतील रक्ताचा वेग ध्वनिलहरींनी मोजून तो सेकंदाला २०० सेंटिमीटरांवर गेलेल्या मुलांना नियमित रक्त चढवले, तर पहिला पक्षाघात नव्वद टक्क्यांहून अधिक टाळता येतो. ज्या तपासणीत सुई टोचावी लागत नाही, तिचे मोल सिकलसेलच्या प्रत्येक पालकाला ठाऊक असले पाहिजे.

तपासण्यांच्या वेळेचेही एक पथ्य आहे. नवजात बाळाच्या रक्तात प्रोटीन सी व अँटिथ्रॉम्बिन निसर्गतःच मोठ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपास वा त्याहून कमी असतात. शिवाय ताजी गुठळी झाली असता ही प्रथिने खर्ची पडतात, आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असली तर प्रोटीन सी व एस आणखी खाली जातात. त्यामुळे आघाताच्या ऐन धामधुमीत काढलेल्या एका आकड्यावरून मुलाच्या कपाळी जन्माचा शिक्का मारणे हा अन्याय आहे. काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, आईबापांचेही रक्त पाहावे, आणि मगच निकाल द्यावा.

निकालाला सवड असते, उपचाराला नसते. खेळता खेळता मुलाचा चेहरा एकीकडे ओघळला, एक हात वा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तोल गेला, किंवा आकडी ओसरल्यावर एक अंग उचलेनासे झाले, तर ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारा लावण्यात किंवा ‘झोपून उठला की बरा होईल’ म्हणून वाट पाहण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि जिथे मेंदूचा एमआरआय होईल अशा रुग्णालयातच मूल न्यावे. परदेशांतील सुसज्ज शहरांतही मुलांच्या पक्षाघाताचे निदान व्हायला सरासरी एक दिवसाच्या आसपास वेळ लागतो असे आढळले आहे, कारण डॉक्टरांनाही प्रथम ही शंका येत नाही. म्हणून पालकांनी ‘हा पक्षाघात असेल का?’ असे स्वतःहून विचारण्यात संकोच करू नये. मोठ्या मुलांना कारणानुसार अ‍ॅस्पिरिन किंवा हेपॅरिन दिले जाते, मात्र अ‍ॅस्पिरिन हे मुलांना घरच्या जबाबदारीवर देण्याचे औषध नव्हे, फ्लू वा कांजिण्यांत तर मुळीच नव्हे. नवजातांत बहुधा रक्त पातळ करण्याची गरजच पडत नाही, कारण तसा आघात पुन्हा होण्याचे प्रमाण शंभरांत एक-दोनाहूनही कमी आहे.

ज्यांना वॉरफरिन दीर्घकाळ घ्यावे लागते त्यांच्या स्वयंपाकघरातही एक नियम शिरतो. अमेरिकेत कुजके गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली, त्या गवताच्या शोधातून हे औषध निघाले. ते के जीवनसत्त्वाला अडवून काम करते, आणि आपल्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते. म्हणून पालक, मेथी, अळू बंद करण्याचे कारण नाही, पण एका आठवड्यात रोज पालेभाजी आणि दुसऱ्यात एकदाही नाही असे होऊ देऊ नये; आज जेवढी, उद्याही सुमाराने तेवढीच.

राहता राहिला तो उजवा हात. बालकाचा मेंदू अजून घडत असतो, आणि घडणाऱ्या मेंदूत एका भागाचे काम दुसरा भाग अंगावर घेऊ शकतो. डाव्या मेंदूला जन्मकाळी मोठी इजा झालेली कित्येक मुले पुढे अस्खलित बोलतात, ते याच जोरावर. हाताच्या बाबतीत मेंदूला हे काम अंगावर घेण्याची सक्ती मुद्दाम करावी लागते, आणि तिची रीत मोठी चमत्कारिक आहे: ठरावीक आठवडे, रोज काही वेळ, चांगल्या हातालाच मोजा किंवा पट्टी बांधून बसवायचे आणि खुळखुळा, वाटी, भाकरीचा तुकडा जे काही असेल ते दुबळ्या हाताजवळ ठेवायचे. मूल चिडते, रडते, मान फिरवते; मग एखाद्या दिवशी ती वळलेली मूठ अर्धी उघडते आणि बोटे वाटीच्या कडेला लागतात. हा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका फळतो, आणि तो लवकर सुरू होणे केवळ एका गोष्टीवर अवलंबून आहे: ती मूठ कोणाच्या तरी नजरेस पडली पाहिजे.

म्हणून वाचकांस, विशेषतः आजी-आजोबांस, एवढीच विनंती आहे की घरात तान्हे मूल असेल तर आज त्याला समोर बसवून खुळखुळा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे धरून पाहावा. दोन्ही खेपांना एकच हात पुढे आला तर उद्या पुन्हा पाहावे, आणि उद्याही तेच झाले तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. वर्षाच्या आतले मूल डावखुरे नसते, आणि उजवेही नसते.